चिपळूणचा पाऊस, नाशिकची थंडी आणि एक बाळंतविडा

भाचीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण असल्यामुळे ती चिपळूणला माहेरी, म्हणजे माझ्या ताईकडे येणार होती. तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली. बाळंतविडा विणायचं काम माझ्याकडे आलं, आमच्या घरात ते माझंच असतं. यादी नेहमीची: दुपटं, दोन टोपडी, एक झबलं, मोजे. पैसे मी आधीच बाजूला काढून ठेवले होते, पंधराशे रुपये. त्याच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं, कारण बाळाचे कपडे चार महिन्यांत लहान होतात. भाचीने फोनवर एकच अट घातली, "मावशी, मशीनमध्ये टाकता येईल असंच विण हं. हाताने धुवायला इथे कुणाला वेळ नाही."

अट साधी वाटली, तरी मी लगेच सुया हातात घेतल्या नाहीत. त्याला कारण बारा वर्षांपूर्वीचं आहे. भावाच्या मुलासाठी मी हिमाचलहून आणलेल्या खऱ्या लोकरीचं दुपटं विणलं होतं, दीड महिना खपून. वहिनीने ते इतर कपड्यांबरोबर गरम पाण्याच्या सायकलला लावलं आणि बाहेर आला तो जेवणाच्या ताटाएवढा जाड, कडक नमदा. तिची चूक नव्हती. मेंढीच्या केसावर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. हे मला माहीत असूनही मी तिला सांगितलं नव्हतं. ते दुपटं अजून माझ्या कपाटात आहे, फेकवत नाही.

म्हणून या वेळी धागा निवडायला मी तीन आठवडे घेतले. ते कसे गेले, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

दुकानात

आपल्याकडे विणकामाच्या कुठल्याही धाग्याला लोकर म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. "बाळासाठी मऊ लोकर द्या" म्हटलं की दुकानदार जो गुंडा पुढे ठेवतो त्यात मेंढीचा केसही नसतो. तो अॅक्रिलिक असतो. जुन्या दुकानांत त्याला अजून कॅशमिलॉन म्हणतात. यात फसवणूक काही नाही, शब्दच तसा रुळला आहे. पण धुण्याचा प्रश्न आला की हा फरक कळीचा ठरतो, म्हणून गुंड्यावरची पट्टी वाचल्याशिवाय मी घेत नाही. घटक, वजन, मीटर, लॉट क्रमांक (म्हणजे एका वेळी रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक) आणि खाली छोटी चिन्हं, एवढं तरी वाचायचंच.

पुण्यात रविवार पेठेतल्या एका दुकानात मी तीन गुंडे घेतले. अॅक्रिलिक शंभर ग्रॅमला शंभर रुपये. अर्धा कापूस-अर्धं अॅक्रिलिक असा मिश्र धागा पन्नास ग्रॅमला पंच्याण्णव. निव्वळ कापसाचं सूत पन्नास ग्रॅमला एकशेदहा. चौथा धागा घरीच होता: मैत्रिणीने परदेशातून आणलेल्या, मशीनमध्ये धुता येणाऱ्या मेरिनो लोकरीचा उरलेला तुकडा. अशा लोकरीवर आधी क्लोरीनची प्रक्रिया करून खवले बोथट करतात, मग त्यावर पॉलिमरचा अगदी पातळ थर चढवतात. त्यामुळे केस एकमेकांत अडकत नाहीत आणि नमदा होत नाही. हा धागा इथे मिळाला तरी पन्नास ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास पडतो.

किमतीवर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मी स्वतः वर्षानुवर्षं ती चुकत आले. ग्रॅमचा भाव लावून धागे ताडता येत नाहीत. अॅक्रिलिकची घनता १.१७ आहे, कापसाची १.५ च्या थोडी वर. म्हणजे तेवढ्याच जाडीचा धागा घेतला तर शंभर ग्रॅम कापसात लांबी बरीच कमी मिळते. कापसाचं दुपटं जड होतं ते याचमुळे, आणि त्याला गुंडेही जास्त लागतात. पट्टीवरचे मीटर बघावेत. त्याहून खात्रीचं म्हणजे नमुना विणून तो काट्यावर ठेवावा.

मी चारही धाग्यांचे पंधरा बाय पंधरा सेंटिमीटरचे चौकोन विणले. अॅक्रिलिकचा ८ ग्रॅम भरला, मिश्र ९, कापूस ११, मेरिनो ८. पंचाहत्तर सेंटिमीटरच्या चौरस दुपट्यात असे पंचवीस चौकोन बसतात. म्हणजे अॅक्रिलिक २०० ग्रॅम, मिश्र २२५, कापूस २७५, मेरिनो २००. रुपयांत अनुक्रमे दोनशे, चारशे पंच्याहत्तर, सहाशे साठ आणि अठराशे. (स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या आतला फरक दाखवत नाही आणि पंचविसाने गुणल्यावर ती चूकही पंचवीसपट होते. म्हणून एक गुंडा जास्तीचा धरायचा आणि तोही त्याच लॉटचा.) मेरिनो तिथेच बाद झाली, एका दुपट्यातच सगळे पैसे संपत होते. तरी तिचा चौकोन मी परीक्षेत ठेवला, ताडून बघायला.

चौकोन चिपळूणला

धाग्याची परीक्षा सहसा आपण आपल्याच घरी घेतो. माझ्या घरी पुढून कपडे भरायचं मशीन आहे, गच्ची आहे, ऊन आहे. पण बाळ वाढणार होतं चिपळूणला, आषाढ-श्रावणात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात, पडवीतल्या दोरीवर. तेव्हा चौकोन तिथेच धुतले गेले पाहिजेत, असं मला वाटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ते टपालाने पाठवले. ओळखायला कोपऱ्यात गाठी मारल्या: अॅक्रिलिकला एक, मिश्रला दोन, कापसाला तीन, मेरिनोला चार. ताईला धाग्यांची नावं मुद्दाम सांगितली नाहीत. एवढंच म्हटलं, "रोजच्या कपड्यांत टाक, काही वेगळं करू नकोस. आणि कुठला किती वेळात वाळतो ते लिहून ठेव." पंधरा दिवसांत आठ धुणी झाली.

ताईने कॅलेंडरच्या मागच्या पानावर नोंदी केल्या होत्या. एका गाठीचा सकाळी टाकला की दुपारच्या चहाला कोरडा. दोन गाठींचा रात्री झोपताना. चार गाठींचा त्याच सुमारास. तीन गाठींचा "दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओलसर, कुबट वास". अपेक्षेप्रमाणेच होतं हे. कापूस हवेतला ओलावाही धरून ठेवतो, साध्या हवेत स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के. अॅक्रिलिक दोन टक्केही धरत नाही. कोकणातल्या जुलैत, हवाच ओली असताना, कापसाचा जाड कपडा वाळणार तरी कसा? नोंदी वाचून मी जवळजवळ ठरवून टाकलं, अॅक्रिलिकच घ्यायचं. स्वस्त, हलकं, मशीनला चालणारं, चहापर्यंत वाळणारं.

मग चौकोन परत आले. पाकीट उघडून टेबलावर मांडले आणि एका गाठीचा हातात घेतल्याबरोबर कळलं की याला काहीतरी झालंय. पाठवला तेव्हा तो फुललेला होता, दाबला की वर यायचा. आता तो ओल्या कागदासारखा लुळा पडला होता. टाके चपटे, पृष्ठभागावर तेलकट चमक. चिमटीत धरला तर खाली लोंबला. मोजला तर पंधराचा सव्वासोळा झालेला. दोन गाठींचाही तसाच, पण कमी.

ताईला फोन लावला. "तू इस्त्री केलीस का यांना?"

"अगं, म्हणजे काय! बाळाचा कपडा इस्त्री फिरवल्याशिवाय घालायचा? जंतू राहतात. आणि पावसाळ्यात ओल जाते ती इस्त्रीनेच."

बरोबरच होतं तिचं. आमच्या आईनेही आम्हाला असंच वाढवलं. पावसाळ्यात बाळाचं प्रत्येक लंगोट, प्रत्येक दुपटं गरम इस्त्रीखालून जातं. त्याआधीच्या पिढीत तर शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून त्यावर कपडे शेकत. कुठल्याही गुंड्यावरच्या पट्टीला ही रीत ठाऊक नसते. तिथे इस्त्रीच्या चित्रावर फुली असते, फार तर एक ठिपका. एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत, तीन ठिपके म्हणजे २००. ताईची इस्त्री कायम कापसावर, म्हणजे तीन ठिपक्यांवर. अॅक्रिलिक हे प्लॅस्टिकच्याच कुळातलं. उष्णता आणि वाफ एकत्र मिळाली की तंतू मऊ पडतो, त्याचा कुरळेपणा जातो आणि तो परत येत नाही. मेरिनोचा चौकोनही इस्त्रीने चपटा झाला होता. तो मी पाण्यात बुडवून ठेवला, सकाळी पुन्हा फुलला. अॅक्रिलिकचाही बुडवून पाहिला. तसाच लुळा.

मेरिनो आठ धुण्यांत पंधराची पावणेसोळा झाली, म्हणजे आटण्याऐवजी सैल पडली. अशा प्रक्रिया केलेल्या लोकरीचं हेच होतं, खवल्यांची पकड गेलेली असते ना. कापसाचा लांबीला पंधराचा चौदा झाला तो पहिल्याच धुण्यात, पुढे हलला नाही. हातात घेतला तर सुरेख, मऊ, नव्यापेक्षा चांगला. फक्त वास.

शेगडीचा प्रश्न

इस्त्रीवरून मला शेगडी आठवली. ताईकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला बाई येतात आणि न्हाऊ झालं की शेकशेगडी असते. ओवा, वावडिंग टाकून धुरी. भाचीला डॉक्टरांनी धूर बाळाच्या फुप्फुसांना चांगला नाही म्हणून सांगितलं होतं, पण निखाऱ्याचा शेक होणारच होता.

मी स्टीलच्या ताटलीत चारही धाग्यांचे बोटभर तुकडे घेतले आणि चिमट्यात धरून एकेक पेटवला. कापूस भरकन पेटला, कागद जळल्याचा वास, मागे करडी राख, फुंकर मारली की उडून गेली. मेरिनोने केस जळल्याचा वास सोडला, ज्योत बाजूला घेतली तशी विझली, टोकाची काळी गुठळी चिमटीत चुरडली गेली. अॅक्रिलिक ज्योतीपासून आधी आकसून मागे सरलं, मग पेटलं, काळा धूर सोडत, आणि वितळून थेंब झाला. तो थेंब चिमट्याला चिकटला. गार झाल्यावर नखाने निघेना, सुरीने खरवडावा लागला.

तो थेंब बाळाच्या मांडीवर, एवढंच माझ्या मनात आलं. कापूस आगीत सुरक्षित आहे असं मुळीच नाही, तो तर झटकन पेट घेतो. पण वितळून कातडीला चिकटत नाही. शेगडीजवळ बाळाच्या अंगावर असणारी कुठलीही वस्तू मी अॅक्रिलिकची करणार नाही, हे त्या ताटलीपाशी ठरलं. मिश्र धागाही नाही, त्यातही अर्धं तेच आहे.

जाड का, पातळ का

आता अडचण अशी: इस्त्री आणि शेगडी म्हणतात कापूस घे, पाऊस म्हणतो कापूस नको. दोन दिवस मी हे मनात घोळवत राहिले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी चुकीचा प्रश्न विचारत होते. धागा कुठला हे मी विचारत होते, किती जाड हे विचारलंच नव्हतं. तीन गाठींचा चौकोन वाळला नाही तो कापसाचा होता म्हणून, पण जाड होता म्हणूनही. आपली जुनी बाळंतविड्यातली दुपटी कसली असायची? धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची, जुन्या धोतराची. पातळ आणि बरीच. एक जाड दुपटं कुणी करतच नसे.

त्याच दुकानातून मी कापसाचं बारीक सूत आणलं. सव्वातीन मिलिमीटरच्या सुयांवर एक सुलट एक उलट अशी दाणेदार वीण घेऊन चौकोन केला. ही वीण दोन्हीकडून सारखी दिसते, कडा मुडपत नाही आणि भोकं राहत नाहीत. भोकांबद्दल मी फार काटेकोर आहे. जाळीदार नक्षी फोटोत छान दिसते, पण नवजात बाळाची बोटं त्यात अडकतात. सुटा धागा बोटाभोवती आवळला गेला तर रक्त थांबतं आणि बाळ फक्त रडत राहतं, कारण कुणालाच कळत नाही. याच भीतीने मी हातमोजे कधीच विणत नाही. पायमोज्यांची आतली बाजूही उलटून पाहते, एकही टोक लोंबतं ठेवत नाही.

नवा चौकोन ६ ग्रॅम भरला. चिपळूणला जाणाऱ्या पुतण्याबरोबर तो पाठवला. ताईचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला: सकाळी टाकला, पंख्याखाली संध्याकाळी थोडी ओल उरली, इस्त्रीने गेली, वास नाही.

मग पंचाहत्तरचं एक जाड दुपटं सोडून साठ सेंटिमीटरची दोन पातळ करायचं ठरलं. साठच्या चौरसात सोळा चौकोन, म्हणजे एकाला ९६ ग्रॅम, दोन्हींना मिळून १९२. चार गुंड्यांत काठावर बसत होतं, मी पाच घेतले. झबल्याला आणि टोपड्यांना तीन. मोजे मात्र मिश्र धाग्याचे केले. कापसाला ताण नसतो, त्याचा मोजा बाळाच्या पायातून दर दहा मिनिटांनी गळतो. मोजा एवढासा, रात्रीपर्यंत वाळतो, त्याला इस्त्री कुणी करत नाही, आणि शेकाच्या वेळी पाय उघडेच असतात.

रंग फिका पिवळा आणि मोतिया निवडला. लाल हवा होता भाचीला. त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात रात्रभर दाबून ठेवला तर सकाळी रुमाल गुलाबी. मीठ आणि व्हिनेगरमध्ये बुडवलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे सगळ्याच सांगतात, मीही सांगायचे. आजच्या सुती रंगांवर त्याचा उपयोग होत नाही. सुटणारा रंग सुटतच राहतो.

नाशिकसाठी वेगळं

भाचीचं सासर नाशिकचं. तीन महिन्यांनी, कार्तिकात, ती तिकडे जाणार. तिथली हवा कोरडी, थंडी कडक, आणि जवळच निफाडला पारा किती खाली उतरतो ते दर हिवाळ्यात आपण बातम्यांत वाचतोच. तिथे पातळ सुती दुपट्याने भागणार नव्हतं. तिच्या सासूबाईंना विचारलं. शेगडी नाही, बाळाच्या कपड्यांना इस्त्री नाही, कपडे गच्चीत उन्हात. मग तिथे अॅक्रिलिकला हरकत काय? शंभर ग्रॅमचे तीन गुंडे, तीनशे रुपये, एक मोठं गुबगुबीत दुपटं. चार मिलिमीटरच्या सुयांवर दहा दिवसांत झालं.

त्यासोबत मी वहीच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या. इस्त्री नको, गरम पाणी नको, हीटरजवळ नको. मांडीवर घेताना आणि बाहेर जाताना पांघरा, पाळण्यात एकटं झोपवताना सुटं ठेवू नका, टोपडंही काढा. आणि कपाटात डांबरगोळी ठेवू नका. ही शेवटची ओळ सगळ्यांनाच सांगावीशी वाटते. अॅक्रिलिकला आणि कापसाला कसर लागत नाही, गोळीची गरजच नाही. आणि ज्या बाळांत जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वासाच्या कपड्यांनीही फुटू शकतात. बाळात ते कमी आहे की नाही, हे तपासणी केल्याशिवाय घरच्यांना कळत नाही.

हिशेब असा झाला: बारीक सूत पाच गुंडे साडेपाचशे, झबलं-टोपड्यांचे तीन तीनशे तीस, मिश्र एक पंच्याण्णव, अॅक्रिलिक तीन तीनशे, नमुन्याचा जाड कापूस एकशेदहा, टपाल साठ. एकूण चौदाशे पंचेचाळीस.

आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये नाशिकला गेले तेव्हा सगळं पुन्हा हातात घेऊन पाहिलं. सुती दुपटी उत्तम. दोन्ही मिळून शंभराच्या वर धुणी झाली असतील. पिवळा रंग थोडा उतरलाय, कापड आईच्या जुन्या लुगड्यासारखं झालंय. झबल्याचा गळा मात्र ओघळला. कापूस स्वतःच्या वजनाने खाली येतो हे ठाऊक असून मी गळ्याला मागून फीत शिवली नाही, पुढच्या वेळी शिवेन. मोज्यांना टाचेपाशी गोळे आलेत. अॅक्रिलिकचं दुपटं फुललेलं, उबदार, कडांना थोडे गोळे, आणि थंडीत हात लावला की चटचट आवाज होतो. कोरड्या हवेत अॅक्रिलिकचं हे व्हायचंच.

नंतर ताईने चिपळूणच्या कपाटात एक मोतिया दुपटं ठेवून घेतलं, "बाळ आलं की लागेल" म्हणून. या पावसाळ्यात ती पुन्हा म्हणाली, "हेच सूत, अजून एक कर, जरा मोठं." पट्टी मी वहीत चिकटवून ठेवली होती. ती घेऊन दुकानात गेले. काकांनी क्रमांक पाहिला, खालचे दोन डबे काढले, आणि मान हलवली. तो लॉट संपला होता. नव्या लॉटचा मोतिया किंचित उजळ आहे, उन्हात धरला की दिसतो. मी त्याचे चार गुंडे घेतले. जुन्याचा एक गुंडा घरी उरला होता, त्याची किनार करते आहे.